युरोपातील ग्राहकासाठी माघारीचे बटण: गावातून चालणाऱ्या ऑनलाइन दुकानांनी करायची तयारी

नागभीड आणि आंधळगावकडच्या कोशाच्या साड्या व स्टोल, वर्ध्याकडची खादी, मेळघाटातल्या आणि गडचिरोलीतल्या बांबूच्या वस्तू असा माल जर्मनी, फ्रान्स किंवा नेदरलँड्समधील ग्राहकांना स्वतःच्या संकेतस्थळावरून थेट विकणाऱ्या विणकर कुटुंबांसाठी आणि बचत गटांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. युरोपीय संघाच्या २०२३/२६७३ क्रमांकाच्या निर्देशाने ग्राहक हक्कांविषयीच्या २०११ च्या निर्देशात ११अ हे नवे कलम घातले. त्यानुसार, ज्या संकेतस्थळावर ग्राहकाने खरेदी केली त्याच संकेतस्थळावर त्याला त्या खरेदीतून माघार घेण्याची सोय, म्हणजेच माघारीचे बटण, दुकानदाराने द्यायची आहे. सदस्य देशांना आपापले कायदे बदलण्यासाठी १९ डिसेंबर २०२५ पर्यंतची मुदत होती आणि दुकानांसाठी नियम लागू होण्याची तारीख १९ जून २०२६ ही आहे. ती मृग नक्षत्रात येते. पाऊस वेळेवर आला तर त्या आठवड्यात आपल्याकडे घरातले सगळे हात पेरणीत असतात, म्हणून संकेतस्थळाचे काम मे महिन्याच्या उन्हात, दुपारी घरात बसावेच लागते तेव्हा उरकून घ्यावे.

माघारीचा हक्क मात्र नवा नाही. माल हाती आल्यापासून चौदा दिवसांत, कोणतेही कारण न देता, ऑनलाइन केलेली खरेदी मागे घेण्याचा हक्क युरोपातील ग्राहकाला २०११ च्या निर्देशानेच दिलेला आहे. आपल्याकडे असा सरसकट हक्क नाही. २०२० चे ई-कॉमर्स नियम दुकानाला परतीच्या व परताव्याच्या अटी जाहीर करायला लावतात, पण त्या अटी बहुतांशी दुकानच ठरवते. त्यामुळे आपल्यापैकी अनेकांनी देशातल्या ग्राहकांसाठी लिहिलेले ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य युरोपातल्या ग्राहकांपुढेही तसेच ठेवले आहे. ते वाक्य आधी काढावे. बटण बसवणे हे एका दिवसाचे काम आहे, परंतु बटण दाबले गेल्यानंतर तारीख कशी मोजायची, पैसे कोठून द्यायचे आणि त्याचा भार कोणावर पडू द्यायचा नाही, हे ठरवायला वेळ लागतो. खरी तयारी तीच आहे.

हा नियम आपल्याला लागू होतो का, हे प्रथम पाहावे. केवळ संकेतस्थळ युरोपात उघडते एवढ्याने तो लागू होत नाही. युरोपीय न्यायालयाने ७ डिसेंबर २०१० च्या निकालात असे म्हटले की दुकानदाराने त्या देशातील ग्राहकांना उद्देशून व्यवसाय केला आहे का हे तपासावे, आणि त्यासाठी भाषा, चलन, आंतरराष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक, परदेशी ग्राहकांचा उल्लेख अशा खुणा सांगितल्या. आपण किंमत युरोत दाखवत असाल, जर्मनीचा डाकखर्च वेगळा लिहीत असाल किंवा जर्मन भाषेत पान ठेवले असेल, तर नियम आपल्याला लागू आहे असे समजूनच चालावे. उलट, पॅरिसमधल्या एखाद्या दुकानाने पुन्हा विकण्यासाठी चाळीस स्टोल मागवले, तर तो व्यापाऱ्यांमधला व्यवहार आहे आणि त्याला हे कलम लागू नाही. ब्रिटन युरोपीय संघात नाही. तेथे चौदा दिवसांचा हक्क त्यांच्या स्वतःच्या कायद्याने आहे.

बटण आणि त्यामागचा अर्ज

बटणावरचे शब्द स्पष्ट हवेत. इंग्रजी पानावर ‘विथड्रॉ फ्रॉम कॉन्ट्रॅक्ट हिअर’ असे, किंवा तितकाच निःसंदिग्ध अर्थ देणारे दुसरे शब्द चालतात. जर्मन पानावर ‘फेरट्राग विडररूफेन’ असे लिहावे. ‘मदत’, ‘संपर्क’ किंवा नुसते ‘रिटर्न’ असे मोघम शब्द वापरू नयेत, कारण वस्तू परत पाठवणे आणि करारातून माघार घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बटण ठळक दिसले पाहिजे आणि माघारीच्या संपूर्ण मुदतीत उपलब्ध राहिले पाहिजे. खाते न उघडता खरेदी करता येत असेल, तर माघारीसाठी खाते उघडायला लावू नये. म्हणूनच ते केवळ ‘माझ्या ऑर्डर’ या पानात न ठेवता प्रत्येक पानाच्या तळाशीही ठेवावे, असे माझे मत आहे.

बटण दाबल्यावर उघडणाऱ्या अर्जात तीनच गोष्टी असाव्यात: ग्राहकाचे नाव, कोणती ऑर्डर ते ओळखता येईल असा तपशील, आणि पोच ज्या ई-मेलवर पाठवायची तो पत्ता. कारण विचारणारा सक्तीचा रकाना ठेवू नये. त्यानंतर दुसरे बटण येते, ज्यावर ‘कन्फर्म विथड्रॉवल’, जर्मनमध्ये ‘विडररूफ बेश्टेटिगेन’, असे लिहिलेले असते. ते दाबले की ग्राहकाची माघार पोहोचली. ‘खरोखर माघार घ्यायची का’ असे तीन-तीनदा विचारणे किंवा मध्येच सवलतीचे कूपन पुढे करणे टाळावे. एकाच ऑर्डरमध्ये अनेक वस्तू असतील तर त्यांतल्या काहींपुरतीच माघार घेण्याची सोय देता येते आणि ती द्यावी. तीन स्टोलपैकी एकाचा रंग आवडला नाही म्हणून तिन्ही परत यावेत, यात कोणाचेच हित नाही.

दुसरे बटण दाबताच विनाविलंब पोच गेली पाहिजे, आणि तिच्यात ग्राहकाने काय लिहिले, कोणत्या तारखेला व किती वाजता पाठवले, हे असले पाहिजे. ही पोच ग्राहकाला जपून ठेवता येईल अशी हवी. ‘येथे टिचकी मारून पाहा’ असा नुसता दुवा पाठवणे पुरेसे नाही, हे युरोपीय न्यायालयाने माहितीच्या संदर्भात २०१२ मध्येच सांगितले आहे, म्हणून सारा मजकूर ई-मेलच्या आतच लिहावा. आपल्याकडे पावसाळ्यात लाईन जाते आणि मेळघाटात तर दोन-दोन दिवस रेंज नसते, त्यामुळे पोच देण्याचे काम कोणा माणसाच्या मोबाइलवर सोपवू नये. संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर आहे तेथूनच ती आपोआप निघाली पाहिजे.

बटण आले म्हणून जुने मार्ग बंद होत नाहीत. ग्राहकाने साध्या ई-मेलने किंवा पत्राने कळवले तरी ती माघारच आहे. आमच्या गटाकडे एकदा जर्मन भाषेतला असा ई-मेल आला होता. आम्हाला ती रंगाविषयीची तक्रार वाटली, भाषांतर करून घ्यायला तीन आठवडे लागले, आणि तोपर्यंत परतावा देण्याची मुदत उलटून गेली होती. तेव्हापासून परक्या भाषेतला प्रत्येक ई-मेल आम्ही त्याच दिवशी यंत्रभाषांतरातून वाचतो.

दिवस कसे मोजावेत

माल ग्राहकाच्या हाती आला तो दिवस धरायचा नाही. दुसऱ्या दिवसापासून चौदा दिवस मोजायचे. शेवटचा दिवस शनिवार, रविवार किंवा सुट्टीचा असेल, तर मुदत पुढच्या कामाच्या दिवसाच्या अखेरीपर्यंत लांबते. समजा, शनिवारी ४ जुलै २०२६ रोजी ग्राहकाला पार्सल मिळाले. चौदावा दिवस १८ जुलै, तो शनिवार आहे. म्हणून मुदत सोमवारी २० जुलैला मध्यरात्री संपते. ही मध्यरात्र ग्राहकाच्या देशातली आहे. जर्मनीचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तासांनी आणि हिवाळ्यात साडेचार तासांनी मागे असते. संकेतस्थळाची वेळ भारतीय ठेवून रात्री बाराला बटण बंद होईल अशी व्यवस्था केली, तर ग्राहकाच्या हक्काचे तेवढे तास आपण हिरावून घेतो.

एकाच ऑर्डरमधल्या वस्तू वेगवेगळ्या पार्सलांनी गेल्या, तर चौदा दिवस शेवटची वस्तू मिळाल्यापासून सुरू होतात. मागावर एक साडी तयार आणि दुसरी अर्धी, असे आपल्याकडे नेहमीचे आहे, त्यामुळे हे लक्षात ठेवावे. शिवाय डाकेचा माग काही वेळा परदेशात पोहोचल्यावर दिसेनासा होतो आणि माल नेमका कधी मिळाला ते आपल्याला कळत नाही. या सगळ्यावर माझ्या मते एकच सोपा उपाय आहे: बटण कधीही बंद करू नये. मुदतीनंतर आलेली माघार हाताने तपासून नम्रपणे नाकारता येते. मुदतीत बटण न सापडलेल्या ग्राहकाला मात्र उत्तर देता येत नाही.

पैसे

माघार कळल्यापासून चौदा दिवसांत परतावा द्यायचा आहे, ग्राहकाने ज्या मार्गाने पैसे दिले त्याच मार्गाने, आणि पाठवणीच्या साध्या खर्चासह. स्टोलची किंमत १२० युरो, साधा डाकखर्च २० युरो आणि ग्राहकाने स्वतःहून निवडलेली जलद सेवा ३५ युरोंची असेल, तर परतावा १४० युरो होतो. जलद सेवेचे वरचे १५ युरो द्यावे लागत नाहीत. पेमेंट गेटवेचे शुल्क ग्राहकाच्या रकमेतून कापता येत नाही.

माल परत मिळेपर्यंत, किंवा तो पाठवल्याचा पुरावा ग्राहकाने देईपर्यंत, परतावा थांबवता येतो. या दोहोंपैकी जे आधी घडेल ते धरायचे. ग्राहकाने डाकेच्या पावतीचा फोटो पाठवला की आपल्याला परतावा अडवून ठेवता येत नाही, आणि पार्सल तर गावी यायला कित्येक आठवडे घेते. म्हणजे माल हाती नसताना पैसे द्यावे लागणार आहेत, आणि तोवर विणकराची मजुरी चुकती झालेली असते. येथे मला अत्यंत आग्रहाने सांगायचे आहे की परताव्याच्या भीतीने मजुरी अडवून ठेवू नये. विणणाऱ्या बाईने आपले काम पूर्ण केलेले आहे. ग्राहकाचे मन बदलण्याची जोखीम दुकानाची आहे, तिची नाही. त्यासाठी गटाच्या बँक खात्यात परताव्याची वेगळी राखीव रक्कम ठेवावी, ती प्रत्येक युरोपीय विक्रीच्या नफ्यातून भरावी, आणि मागील वर्षभरातल्या सर्वांत मोठ्या दोन ऑर्डरी एकाच वेळी परत आल्या तरी पुरेल इतकी ती असावी. किंमत ठरवतानाच हा खर्च धरला, तर तो नंतर कोणाच्या ताटातून काढावा लागत नाही.

परत पाठवण्याचा खर्च ग्राहकाने करायचा, असे आपण विक्रीपूर्वी स्पष्ट लिहिले असेल तरच तो ग्राहकावर येतो. लिहिले नसेल तर तो आपला. परतीचा पत्ता भारतातला आहे हेही आधीच सांगावे. बांबूच्या टोपलीसारख्या कमी किमतीच्या वस्तूंचा परतीचा खर्च वस्तूहून जास्त होतो. अशा वेळी वस्तू ग्राहकाकडेच राहू देऊन पैसे परत करणे अधिक शहाणपणाचे, असा आमचा अनुभव आहे. महाग साडी मात्र परत येऊ द्यावी. त्यासाठी डाकघर निर्यात केंद्रात पार्सल देताना मिळालेली निर्यातीची कागदपत्रे जपून ठेवावीत, कारण परत येणारा माल आपणच पाठवलेला होता हे सीमाशुल्क खात्याला त्यांवरूनच दाखवता येते.

कोणता माल यातून सुटतो

हाताने विणलेला आहे म्हणून कोणताही माल अपवादात बसत नाही. ग्राहकाने दिलेल्या मापाने शिवलेला झगा किंवा त्याचे नाव विणलेला स्टोल हा खास त्याच्यासाठी बनवलेला माल, आणि त्यावर माघार नाही. विणकाम सुरू झालेले नसले तरी नाही, असे युरोपीय न्यायालयाने २०२० मध्ये ठरवले. परंतु आपण ठेवलेल्या पाच रंगांतून ग्राहकाने एक निवडला, तर तो खास बनवलेला माल ठरत नाही. लवकर नासणारा माल सुटतो, पण वायगावची वाळवून दळलेली हळद त्यात बसवता येणार नाही. आरोग्याच्या किंवा स्वच्छतेच्या कारणाने सीलबंद केलेल्या मालाचे सील ग्राहकाने तोडले, तर माघार जाते. मात्र हा अपवाद न्यायालय ताणू देत नाही. गादीवरचे संरक्षक वेष्टन काढले तरी माघारीचा हक्क राहतो, असा २०१९ चा निकाल आहे, कारण कपड्याप्रमाणेच गादीही स्वच्छ करून पुन्हा विकता येते. तेव्हा साडीच्या पिशवीला सील लावून काही साधणार नाही.

ग्राहकाने स्टोल अंगावर घेऊन पाहिला, तर तो त्याचा हक्क आहे. तो लग्नात वापरला, त्यावर अत्तराचा डाग पडला, तर कमी झालेल्या मोलाइतकी रक्कम कापता येते, पण माघारीच्या हक्काची माहिती आपण आधी नीट दिली असेल तरच. पाठवण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे आणि पदराचे स्पष्ट फोटो काढून ठेवले नाहीत, तर ही कपात सिद्ध करता येणार नाही.

माहिती देण्याकडे दुर्लक्ष करणे सर्वांत महागात पडते. अटींच्या पानावर, पैसे भरण्यापूर्वीच्या पानावर आणि ऑर्डरच्या ई-मेलमध्ये माघारीचा हक्क, मुदत, आणि आता माघारीचे बटण कोठे आहे हेही लिहायचे आहे. हक्काची माहितीच दिली नाही, तर चौदा दिवसांची मुदत आणखी बारा महिन्यांनी वाढते. अनेक देशांत मिळून झालेल्या मोठ्या उल्लंघनांसाठी उलाढालीच्या चार टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद आहे, परंतु छोट्या दुकानाला त्याहून अधिक जवळचा धोका या बारा महिन्यांचा आहे.

सगळे बसवून झाल्यावर स्वतःच एक ऑर्डर करून पाहावी. खाते न उघडता, दुसऱ्याच्या साध्या मोबाइलवरून, ज्याला संकेतस्थळ माहीत नाही अशा माणसाच्या हाती तो देऊन ‘यातून माघार घेऊन दाखव’ एवढेच सांगावे आणि मध्ये बोलू नये. त्याला बटण किती वेळात सापडले, पोच ई-मेलच्या मुख्य पेटीत आली की स्पॅममध्ये गेली, तिच्यात तारीख आणि वेळ आहे का, हे वहीत लिहून ठेवावे. आमच्या येथे पहिल्या खेपेला बटण मोबाइलच्या पडद्यावर कुकीच्या पट्टीखाली झाकले गेले होते, आणि पोच स्पॅममध्ये सापडली.