शर्करेची नक्कल करणारे संयुग डीसी-साइनला खरोखर बांधले जाते का, हे कसे तपासावे

पाषाणची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि विद्यापीठाच्या आवारातील एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) यांतील अंतर पुण्यात फार नसल्यामुळे, शर्करासदृश संयुग घडवणारा रसायनशास्त्राचा विद्यार्थी आणि पेशी वाढवणारा जीवशास्त्राचा विद्यार्थी यांनी पुढील चाचणी एकत्र बसून आखावी, असा माझा आग्रह आहे.

डीसी-साइन हा डेंड्रिटिक पेशींवरील (रोगप्रतिकारक यंत्रणेतील एक प्रकारच्या पेशींवरील) ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, मॅनोज व फ्यूकोज या शर्करा ओळखतो आणि त्यांना कॅल्शियमच्या आयनामार्फत धरतो. म्हणून बफर (सामू स्थिर ठेवणारे द्रावण) ट्रिस किंवा हेपेसचा घ्यावा, त्यात 150 मिलिमोलर मीठ आणि 5 मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड असावे. फॉस्फेट बफरमध्ये कॅल्शियमचा साका बसतो. प्लेटवर यीस्टचे मॅनन (मॅनोजची लांब साखळी) बसवून उरलेली जागा बीएसए या गायीच्या रक्तातील प्रथिनाने झाकावी. दूध पावडर वापरू नये, कारण दुधातील काही प्रथिनांवर स्वतःच्या शर्करा असतात. संयुगाच्या चढत्या मात्रा ग्राहकात मिसळून ते मिश्रण प्लेटवर घालावे आणि मॅननला किती ग्राहक चिकटला ते प्रतिपिंडाने मोजावे. धुण्याच्या बफरमध्येही कॅल्शियम हवेच.

सर्वाधिक काळजी नियंत्रण चाचण्यांची घ्यावी. मॅनोजने संकेत, म्हणजे प्लेटवर मोजलेला ग्राहक, घटला पाहिजे, गॅलॅक्टोजने जवळजवळ घटू नये, आणि कॅल्शियम बांधून घेणारे ईडीटीए 10 मिलिमोलर घातल्यावर तो नाहीसा व्हावा. ईडीटीएनंतरही उरणारा संकेत प्लेटच्या चिकटपणाचा समजावा. याहून फसवी शक्यता अशी, की अनेक कार्बोक्झिलिक गट असलेले संयुग ग्राहकाला न बांधता कॅल्शियमच ओढून घेते आणि उत्तम अवरोधक असल्यासारखे दिसते. कॅल्शियम वाढवून पाहावे: परिणाम ओसरला, तर तो संयुगाने कॅल्शियम ओढल्याचा असण्याची शक्यता मोठी. संयुग क्षाररूपात (आम्लासोबतच्या सॉल्टच्या रूपात) आले असेल, तर द्रावणाचा सामू (पीएच) आधी तपासावा, कारण आम्ल वातावरणात हा ग्राहक शर्करा सोडतो.

एकटी मॅनोज ग्राहकाला फार दुबळेपणाने, मिलिमोलर मात्रेतच बांधली जाते. ग्राहक मात्र चार शिरांचा असल्याने एकाच सांगाड्यावर अनेक शर्करा बसवल्या, की बंध बळकट होतो. अशा संयुगांची तुलना करताना मात्रा रेणूमागे आणि शर्करेमागे अशा दोन्ही प्रकारे नोंदवावी, अन्यथा केवळ शर्करांची संख्या वाढल्याचा लाभ आराखड्याच्या खात्यावर जमा होतो.

त्यानंतरच पेशींकडे वळावे. डीसी-साइन असलेल्या आणि नसलेल्या राजी पेशी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी बी-पेशी) शेजारी शेजारी ठेवाव्यात. संयुगाला चमकणारा रंग जोडलेला असेल, तर 4 अंशांवर केवळ पृष्ठभागावरील बंधन दिसते. 37 अंशांवर ठेवून ईडीटीएने धुतल्यावर उरते ते बहुतांशी पेशीने आत घेतलेले. खऱ्या डेंड्रिटिक पेशींवर साइटोकाइन (पेशींनी सोडलेली संदेशवाहक प्रथिने) मोजण्यापूर्वी संयुगातील एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातील विषारी घटक) तपासून घ्यावे, कारण त्याचा अंश टीएलआर-4 या दुसऱ्या ग्राहकामार्फत पेशींना उत्तेजित करतो आणि त्या उत्तेजनाचे श्रेय संयुगाला जाते.