न्यूमोनियाच्या स्कॅनमध्ये ‘रक्तवाहिन्या जाड’ दिसल्या? या चुका टाळा

कोविडच्या लाटांमध्ये एचआरसीटीचा, म्हणजे फुप्फुसांच्या बारकाईने काढलेल्या सीटी स्कॅनचा, रिपोर्ट हातात आला की घरच्यांचा पहिला प्रश्न असायचा, ‘स्कोअर किती?’ फुप्फुसं किती बाधित आहेत हे सांगणारा पंचवीसपैकी आकडा कळला की बाकीचा रिपोर्ट मिटून ठेवला जायचा. त्याच रिपोर्टमध्ये अनेकदा ‘प्रॉमिनंट व्हेसल्स’ किंवा ‘व्हॅस्क्युलर एनलार्जमेंट’ अशी एक ओळ असते. ती नजरेतून सुटते, किंवा वाचणारा ‘गुठळी झाली’ असं समजून हादरतो.

जाड दिसणारी रक्तवाहिनी म्हणजे गुठळी नव्हे. धुरकट चट्ट्यातून जाणारी वाहिनी शेजारच्या निरोगी भागातल्या वाहिन्यांपेक्षा रुंद दिसते, एवढाच त्या ओळीचा अर्थ. कोविडवरच्या अनेक अभ्यासांत त्यासाठी ३ मिमीपेक्षा जास्त रुंदी हा निकष धरला होता. फुप्फुसाच्या एखाद्या भागात हवा पोहोचेनाशी झाली की तिथल्या वाहिन्या एरवी आक्रसतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळतं. कोविडमध्ये ही यंत्रणा बिघडत असावी, असं मानलं जातं. मग रक्त हवा नसलेल्या भागातूनच फिरून ऑक्सिजन न घेता परततं. स्कॅनवर चट्टे थोडे आणि ऑक्सिमीटरवरचा आकडा मात्र घसरलेला, या कोड्याचं हे एक उत्तर आहे.

दुसरी चूक जास्त धोक्याची: ‘एचआरसीटीत गुठळी दिसली नाही, म्हणजे नाहीच.’ साध्या एचआरसीटीत डाय (शिरेतून दिलं जाणारं, स्कॅनवर रक्त उठून दिसावं यासाठीचं द्रव्य) देत नाहीत, आणि डायशिवाय रक्त आणि गुठळी जवळपास एकाच करड्या छटेत दिसतात. गुठळी शोधायची तर सहसा सीटी पल्मनरी अँजिओग्राफी, म्हणजे डाय देऊन फुप्फुसाच्या धमन्यांचा काढलेला सीटी, लागते. ऑक्सिजन अचानक घसरला, छातीत कळ आली, नाडी पळू लागली किंवा एकच पाय सुजला, तर जुन्या स्कोअरवर विसंबू नका, डॉक्टरांना लगेच गाठा. किडनीचा त्रास किंवा डायची ॲलर्जी असेल तर तपासणीआधीच सांगा. अँजिओग्राफीतही एक मर्यादा आहे. केशवाहिन्यांतल्या अतिसूक्ष्म गुठळ्या तिच्यात दिसत नाहीत. कोविडने दगावलेल्यांच्या फुप्फुसांचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला शवविच्छेदन अभ्यास सांगतो की अशा गुठळ्या इन्फ्लुएन्झाच्या तुलनेत नऊपट होत्या.

तपासणीच्या टेबलावर टेक्निशियन ‘श्वास घ्या, रोखा’ म्हणतो, तेव्हा रुग्ण जिवाच्या आकांताने छाती भरून घेतो. अँजिओग्राफीत हे नको. फार खोल श्वासाने पोटातल्या मोठ्या शिरेतलं, डाय न मिसळलेलं रक्त हृदयाकडे ओढलं जातं आणि फुप्फुसाच्या धमनीतला डाय विरळ होतो. मग गुठळी नसताना असल्यासारखं वाटतं किंवा असलेली नीट कळत नाही. नेहमीसारखा हलका श्वास पुरतो. ही सूचना डाय सोडण्याआधीच नीट समजावली आणि एकदा सराव करून घेतला, तर पुन्हा तपासणी करायची वेळ सहसा येत नाही.

डी-डायमर म्हणजे गुठळी विरघळताना रक्तात उतरणारा अंश मोजणारी रक्ततपासणी. तिच्या रिपोर्टवर तर निव्वळ एककांमुळे घोळ होतो. एका लॅबचे ५०० नॅनोग्रॅम म्हणजेच दुसरीचे ०.५ मायक्रोग्रॅम. त्यातही काही लॅब ‘एफईयू’ या एककात मोजतात, काही ‘डीडीयू’ या एककात, आणि पहिला आकडा दुसऱ्याच्या साधारण दुप्पट असतो. लॅब बदलली म्हणून दुप्पट झालेला आकडा बघून आजार बळावला असं ठरवू नका. शिवाय संसर्ग, वय, गरोदरपण यांनीही डी-डायमर वाढतो. तेवढ्यावर शेजाऱ्याच्या चिठ्ठीतली रक्त पातळ करण्याची गोळी सुरू करणं म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. डॉक्टरांनी दिलेली गोळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून मध्येच सोडणंही तितकंच घातक आहे.

गुठळीवर तीन महिने औषध घेऊनही जिना चढताना दम लागत असेल, तर केवळ अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नका. गुठळी पूर्ण न विरघळता वाहिनीच्या भिंतीला चिकटून राहिली असेल, तर फुप्फुसांतला रक्तदाब वाढत जातो. अशा वेळी हृदयाची टूडी इको आणि व्ही/क्यू स्कॅन (फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोहोचतं ते दाखवणारी तपासणी) करायला हवा का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. जाताना जुन्या अँजिओग्राफीची सीडी सोबत न्या, नुसता छापील रिपोर्ट नको.