आर्टिक्युलेटर हातात घेण्याआधी करंगळी कानात घाला

प्रोस्थोच्या (कवळ्या आणि कृत्रिम दातांच्या विभागाच्या) पहिल्या पोस्टिंगमध्ये मी आर्टिक्युलेटरचे, म्हणजे जबड्याच्या हालचालींची नक्कल करणाऱ्या यंत्राचे, सगळे भाग पाठ करून ठेवले होते. व्हायवात (तोंडी परीक्षेत) नावं धडाधड सांगितली. मॅडमनी यंत्र माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "आता यावर जबडा पुढे काढून दाखव." मी वरचा भाग पुढे ओढला. चूक! तोंडात खालचा जबडा हलतो. इथे खालचा भाग टेबलावर बसलेला असतो आणि वरचा हलतो. म्हणजे जबडा पुढे न्यायचा तर वरचा भाग मागे ढकलायचा, जबडा उजवीकडे न्यायचा तर वरचा डावीकडे. ही उलटापालट डोक्यात बसायला मला दोन आठवडे लागले.

म्हणून नव्या मुलांना मी स्क्रूंच्या आधी त्यांच्याच जबड्याकडे वळवते. करंगळी कानात घाला, बोटाचं पेर पुढच्या बाजूला टेकवा. जीभ टाळूला शक्य तितकी मागे लावून तोंड थोडंसंच उघडा. बोटाला फारसं काही कळणार नाही, कारण काँडाइल (खालच्या जबड्याच्या हाडाचं कानापुढच्या सांध्यातलं गोल टोक) जवळपास जागच्या जागी फिरतोय, दाराच्या बिजागरीसारखा. असं पटाशीच्या दातांपाशी साधारण २० ते २५ मिमीपर्यंत उघडता येतं. आता जीभ सोडा आणि मोठा आ करा. बोटापुढे एकदम पोकळी जाणवेल. काँडाइल पुढे आणि खाली घसरला. फिरणं आणि घसरणं, या दोनांतच जबड्याच्या सगळ्या हालचाली आल्या.

मग पटाशीचे दात टोकाला टोक लावून धरा. मागच्या दाढा बहुतेकांच्या सुटतात. क्रिस्टेन्सनने १९०५ मध्ये वॅक्स रिमच्या (कवळी करताना दातांच्या जागी घेतलेल्या मेणाच्या कडांच्या) बाबतीत सांगितली ती फट याच घसरणीची. स्वतःच्या दातांत ती चांगलीच गोष्ट असते. पूर्ण कवळीत तीच फट कवळी मागून उचलते. जबडा पुढे आणून प्रोट्रुजिव्ह रेकॉर्ड (त्या स्थितीचा ठसा) घ्यायचा, तो वरच्या-खालच्या कास्टच्या (जबड्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींच्या) मध्ये ठेवायचा आणि कास्ट न डुगडुगता बसेपर्यंत काँडायलर गायडन्स (यंत्रावरचा काँडाइलच्या उताराचा कोन) फिरवायचा, हा खटाटोप त्या फटीसाठी असतो. हे कळल्यावर तो कोन मला पाठ करावा लागला नाही.

बाजूच्या हालचालीत ज्या बाजूला जबडा जातो, तिकडचा काँडाइल फिरता फिरता किंचित बाहेर सरकतो. नॉर्मन बेनेटने १९०८ मध्ये हे मांडलं, तेही स्वतःच्याच जबड्याला छोटे दिवे लावून. करंगळीचा प्रयोग त्या मानाने स्वस्तच म्हणायचा.

आर्टिक्युलेटरच्या प्रकारांवर फार वेळ घालवू नका. साधा हिंज फक्त उघडतो-मिटतो. मीन व्हॅल्यूमध्ये काँडाइलचा उतार आधीच ठरलेला, साधारण ३० अंशांचा. मापं बॉनविलच्या चार इंची समभुज त्रिकोणाच्या (दोन काँडाइल आणि खालच्या पटाशीच्या दातांचा मध्य जोडणाऱ्या) आसपासची. सेमी-ॲडजस्टेबलमध्ये रुग्णाचे रेकॉर्ड घालता येतात. बाजूच्या हालचालीचा कोन काढायचं हनाऊचं सूत्र (काँडायलर कोन भागिले ८, अधिक १२) व्हायवाला विचारतातच, ३२ अंशांना १६ येतात. सूत्र सोयीचं आहे, पण त्यातून आलेला कोन त्या रुग्णाच्या जबड्यात मोजलेला नाही, एवढं लक्षात असू द्या.

आता माझा घोळ. माझी पहिली पूर्ण कवळी, एका आजोबांची. वरचा कास्ट फेसबोने (वरच्या जबड्याची सांध्यापासूनची जागा यंत्रावर नेणाऱ्या कमानीने) नीट माउंट झाला, म्हणजे यंत्रावर प्लास्टरने बसला. खालच्याला मी एकाच वेळी भरपूर प्लास्टर थापलं, कास्ट रबरबँडने बांधले नाहीत, नुसते हाताने धरले. प्लास्टर गरम व्हायला लागलं तसा हात सैल पडला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर इन्सायझल पिन (यंत्राच्या पुढच्या बाजूची, वरच्या-खालच्या भागांतली उंची कायम ठेवणारी दांडी) तिच्या खालच्या छोट्या टेबलापासून दोन मिलिमीटर वर. सेट होताना प्लास्टर फुगतं हे माहीत होतं, पण दोन मिलिमीटर काही नुसत्या फुगण्याने येत नाहीत, माझा हातही हलला होता. पुन्हा माउंट करायचा कंटाळा आला. मी स्क्रू सैल केला, पिन खाली टेकवली आणि निर्धास्तपणे दात लावून टाकले. चेहऱ्याची उंची वाढवून ठेवली आणि यंत्राने एका शब्दाने हरकत घेतली नाही.

ट्राय-इनला (मेणात लावलेले दात तोंडात घालून पाहताना) आजोबांचे ओठ ताणलेले दिसले. मॅडम त्यांना म्हणाल्या, "आजोबा, साठ ते सत्तर मोजा बरं." या आकड्यांत 'स' ठासून भरलेला असल्यामुळे दात आदळतात का ते लगेच कळतं. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट... प्रत्येक आकड्याला खट्. पासष्टला आजोबाच थांबले आणि म्हणाले, "डॉक्टर, हे माझ्याआधीच बोलतायत!"

मॅडम रागावल्या नाहीत, फक्त विचारलं, "पिन कुठे होती?"

दात काढून पुन्हा वॅक्स रिम, नवीन जॉ रिलेशन (दोन्ही जबड्यांच्या स्थितीची नोंद), खालचा कास्ट तोडून नव्याने माउंटिंग. या वेळी कास्ट रेकॉर्डसकट बांधले, प्लास्टर दोन टप्प्यांत घातलं: आधी थोडं, ते सेट झाल्यावर उरलेलं. सकाळी पिनखाली कागदाची पट्टी सरकवून पाहिली, ती अडकली. पुढच्या ट्राय-इनला आजोबा न विचारताच मोजायला लागले आणि सत्तर झाल्यावरही पंचाहत्तरपर्यंत गेले.