बंद पडत आलेलं पिनबॉल पार्लर चालतं कसं करायचं

वडशाहून लाखांदूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं बाजाराचं गाव आहे. तिथं एसटी थांब्याजवळच्या गाळ्यात माझी तीन पिनबॉल मशिनं आहेत. पिनबॉल म्हणजे काचेखालच्या उतरत्या पाटावर पोलादी गोळी सोडायची आणि ती खाली पडू नये म्हणून बाजूच्या बटणांनी खालच्या दोन दांड्या, म्हणजे फ्लिपर, उडवून तिला परत वर मारायची. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, मुंबईत एका गेम पार्लरमध्ये फिटर होते. ते पार्लर बंद झालं, तेव्हा थकलेल्या पगाराच्या बदल्यात त्यांनी ही मशिनं घेतली आणि धानाच्या रिकाम्या पोत्यांत गुंडाळून ट्रकनं गावी आणली. पहिल्या वर्षी पोट्टे दारात उभे राहून बघायचे आणि निघून जायचे. रोवणीच्या दिवसांत तर गल्ल्यात दिवसाला साठ-सत्तर रुपये जमायचे, आणि गाळ्याचं भाडं महिन्याला २,५०० रुपये. ज्यांचं पार्लर असं अडकलंय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पिनबॉल नसून एअर हॉकी किंवा कॅरम असलं तरी यातलं बरंच कामी येईल.

सुरुवातीला आम्हीही सगळे करतात तेच केलं. बॅनर लावला, स्पीकर लावला, दहाचा गेम पाचला केला. लोक एक दिवस आले. दुसऱ्यांदा कोणी येईना. मग मी आठवडाभर स्टुलावर बसून नुसतं घड्याळ बघितलं. नवीन माणूस गोळी सोडायचा, दोन्ही बटणं एकदम दाबायचा आणि दहा-बारा सेकंदांत गोळी खाली. तीन गोळ्या मिळून मिनिटभरही होत नव्हता. शेजारी दहा रुपयांत आलुबोंडा मिळतो, तो खायला तरी पाच मिनिटं लागतात. माणूस परत का यावा? त्या दिवशी मी ठरवलं, की नवख्याचा पहिला गेम तीन मिनिटं टिकला पाहिजे. बाकीचं सगळं त्यानंतर.

ते मशीनमध्येच करता येतं. पिनबॉलच्या पाटाचा उतार साधारण साडेसहा अंश धरतात. मागचे पाय जितके वर, तितकी गोळी वेगानं खाली येते. पायांच्या टोकाशी फिरवायचे बूट असतात. मोबाइलमधलं लेव्हलचं अ‍ॅप काचेवर ठेवून मोजा आणि एक मशीन साडेपाचच्या आसपास आणा. ते नवख्यांचं मशीन. डावी-उजवी बाजूही तपासा, आमच्या गाळ्याची फरशी एका कोपऱ्याला दबलेली असल्यानं गोळी सतत उजवीकडे पळायची आणि महिनाभर मला ते कळलंच नव्हतं. दोन्ही कडांना जिथून गोळी निसटते तिथला रबरचा खुंटा बहुतेक मशिनांत एक भोक सरकवता येतो, तो अरुंद बाजूला लावा. सेटिंगमध्ये तीनऐवजी पाच गोळ्या करा. गोळी लगेच पडली तर ती परत देण्याची सोय तुमच्या मशीनमध्ये असेल, तर तिचे सेकंद वाढवा. टिल्टचा लोलक, म्हणजे मशीन जोरात हलवलं की चालू गोळी बाद करणारा, मात्र फार मोकळा सोडू नका. थोडं हलवण्यात मजा आहे, पण अगदीच सैल ठेवला तर मोठे पोट्टे मशीन उचलून आपटतात.

आणि शिकवा. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि याला पैसा लागत नाही. मी दोनच गोष्टी सांगते: एका वेळी एकच बटण दाब, आणि गोळी येत असेल त्या बाजूचं बटण दाबून धरून ठेव. फ्लिपर वर उचललेला राहिला की गोळी त्याच्या खोबणीत येऊन थांबते. ८० ग्रॅमची ती पोलादी गोळी, आतापर्यंत वेड्यासारखी धावणारी, एकदम गप्प उभी राहते. सातवीतली एक मुलगी बाजाराच्या दिवशी आईबरोबर आली होती. तिनं पहिल्यांदा अशी गोळी धरली आणि श्वास रोखून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आता घाई नाही, कुठं मारायची ते ठरव." तिनं बटण सोडलं, गोळी फ्लिपरच्या टोकाकडे घरंगळू दिली आणि रॅम्पवर चढवली. आईची भाजीची पिशवी हातातच राहिली. पुढच्या बाजाराला त्या मुलीबरोबर चार मैत्रिणी होत्या. असं गिऱ्हाईक कोणत्याच बॅनरनं आलं नसतं.

आता विजेचं. उन्हाळी धानाच्या दिवसांत संध्याकाळी शिवारातले पंप सुरू झाले की आमच्याकडे व्होल्टेज पडतं. दिवे लागलेले दिसतात, स्कोअर चालतो, पण फ्लिपर मऊ पडतात आणि गोळी रॅम्पच्या अर्ध्यातून परत येते. खेळणाऱ्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही, आणि तो काही न बोलता निघून जातो. हे कारण सापडायला मला दोन हंगाम लागले. चांगला स्टॅबिलायझर लावा. मशीन अमेरिकी बनावटीचं असेल तर आतला ट्रान्सफॉर्मर आपल्या २३० व्होल्टवर जोडलेला आहे ना, हे जाणकाराकडून आधी बघून घ्या.

साफसफाई दर आठवड्याला. राइस मिलचा कोंडा आणि रस्त्याची धूळ मिळून पाटावर काळा थर बसतो आणि गोळी जड चालते. पाण्याचा हात लावू नका, मऊ बनियनच्या कापडानं पुसून गाडीचं वॅक्स पातळ लावा. गोळीवर ओरखडे आले की बदलाच, नाहीतर ती लाकूड खाते. पावसाळ्यात स्विचचे बारीक कॉन्टॅक्ट दगा देतात. मशीन बंद करून त्यांच्या फटीत जाड लग्नपत्रिकेची पट्टी घालून दोनदा ओढली की बहुतेक वेळा काम होतं. कूलरचं तोंड मशीनकडे कधीच करू नका. ब्रह्मपुरीच्या बाजूचा आमचा उन्हाळा, गिऱ्हाइकाला कूलर हवाच, पण ओली हवा माणसांच्या अंगावर जाऊ द्या. रबरही उन्हाळ्यात तडकतात, जास्तीचा सेट घरात असू द्या.

गावात धंदा करायचा तर आणखी एक भिंत असते. "काजी, हे जुगार होय का?" हा प्रश्न मला पहिल्याच महिन्यात आला, आणि तो विचारणाऱ्यांचा मला राग आला नाही. एके काळी अमेरिकेतही हाच प्रश्न होता. फ्लिपर नसताना गोळी कुठं पडेल ते नशिबावर होतं. न्यूयॉर्क शहरानं १९४२ मध्ये पिनबॉलवर बंदी घातली आणि महापौर ला गार्डिया यांनी मशिनं हातोड्यानं फोडली. बटणानं चालणारे फ्लिपर १९४७ मध्ये आले. तरी ती बंदी उठायला १९७६ उजाडलं. रॉजर शार्प नावाच्या खेळाडूनं नगर परिषदेच्या सभासदांसमोर मशीनवर खेळून दाखवलं, गोळी कुठल्या वाटेनं जाईल ते आधी सांगितलं आणि तिथूनच घातली. मी तेच केलं. सरपंच आणि तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षांना चहाला बोलावलं, "मधल्या वाटेनं घालते" म्हटलं आणि घातली. मग त्यांनाच खेळायला दिलं. अध्यक्ष अर्धा तास हलले नाहीत.

पण दाखवून भागत नाही, तसं वागावंही लागतं. एका दिवाळीला मी सगळ्यात जास्त स्कोअरला ५०० रुपयांचं बक्षीस ठेवलं. दुसऱ्याच दिवशी मोठी माणसं आपसांत पैसे लावू लागली आणि लहान मुलं मागं ढकलली गेली. मी तिसऱ्या दिवशी पाटी काढली. रोख बक्षीस कधीच नको. फुकट गेम द्या, तो तर मशीन स्वतःच देतं. परवान्याचं काय लागतं ते पोलिस ठाण्यात आणि तहसीलमध्ये जाऊन विचारा, कागद फ्रेम करून गल्ल्यामागं लावा. शाळेच्या वेळात गणवेशातल्या मुलाला खेळू देऊ नका, हे गुरुजींना जाऊन सांगा. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर अकरा ते एक फक्त मुलींसाठी ठेवा, आणि आयांना बसायला दाराजवळ बाक. लहानांसाठी सुताराकडून एक रुंद पाट करून घ्या, त्यावर उभं राहिलं की काच नीट दिसते.

बक्षिसाच्या जागी मी भिंतीवर काळा फळा लावला. त्यावर नाव, गाव आणि स्कोअर. गाव लिहिणं ही खरी किल्ली ठरली. पोट्ट्याला स्वतःच्या नावापेक्षा गावाचं नाव खाली सरकलेलं जास्त लागतं. फळ्याचा फोटो दर सोमवारी गावागावांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकते, जाहिरात म्हणून तेवढीच.

याचं पीक मंडईत येतं. भाऊबीजेनंतर झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या धानाच्या भागात, गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार नि दंडार हे आमच्याकडचं लोकनाट्य, रात्री नाटक, घराघरात पाहुणे, आणि हलकं धान निघालेलं असल्यानं हातात थोडा पैसा. आमच्या मंडईच्या दिवशी मागच्या साली १,८४० रुपये झाले, पाच गावांची नावं फळ्यावर होती. तयारी आठ दिवस आधी करा: नवीन रबर, नवीन गोळ्या, कॉइलचे फ्यूज, दोन-तीन तास खेचणारा इन्व्हर्टर. गर्दीत नेटवर्क बसतं आणि यूपीआय अडकतं, म्हणून टोकन आदल्या दिवशीच विका आणि चिल्लर भरपूर ठेवा. जुन्या मशीनच्या खाचेत आपलं दहाचं नाणं चालत नाही. भासऱ्यांनी त्या स्विचची तार गल्ल्यावरच्या बटणाला जोडून दिली, टोकन घेतलं की मी बटण दाबते आणि गेम मिळतो.

नाटकाच्या रात्री पडदा उघडेपर्यंत दुकान उघडं ठेवा. माणसं जेवून लवकर येतात, चटया टाकून जागा धरतात आणि मग पोट्टे इकडे पळतात. नांदी सुरू झाली की रस्ता एकदम रिकामा होतो. तेव्हा मी मशिनं बंद करते, काचा पुसते आणि शटर ओढून नाटकाला जाते.