पीएल/एसक्यूएलमधील कलेक्शनांना नावे कशी द्यावीत

ओरॅकल डेटाबेसच्या पीएल/एसक्यूएल भाषेत कलेक्शनचे, म्हणजे एकाच नावाखाली एकाच जातीचे अनेक घटक ठेवणाऱ्या रचनेचे, तीन प्रकार आहेत: असोसिएटिव्ह ॲरे (यात प्रत्येक घटक एका किल्लीने शोधतात), नेस्टेड टेबल आणि व्हीॲरे. समजा, सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्याचा साठा आणि दर सांभाळणारा प्रोग्रॅम आपल्याला लिहायचा आहे. (नावे प्रत्यक्षात रोमन अक्षरांत लिहावयाची आहेत, येथे ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.)

प्रथम टाइपचे, म्हणजे ज्यावरून कलेक्शनचे व्हेरिएबल घडते त्या नमुन्याचे, नाव ठरवावे. त्यात एका घटकाचे एकवचनी नाव आणि पुढे प्रकाराचा प्रत्यय असावा: चादर_एनटी, चादर_एए, चादर_व्हीए. नेस्टेड टेबल किंवा व्हीॲरे कन्स्ट्रक्टरने (टाइपच्याच नावाच्या फंक्शनने) तयार न करता त्यातील घटकाला हात लावला, तर ओआरए-०६५३१ ही त्रुटी येते. असोसिएटिव्ह ॲरेला कन्स्ट्रक्टरची गरज नसते, आणि हा फरक प्रत्यय पाहताच लक्षात येतो. शिवाय एकाच स्कीमात (डेटाबेसमधील एका यूझरच्या मालकीच्या संचात) टेबल आणि टाइप यांचे नाव सारखे चालत नाही, त्यामुळे चादर हे टेबल असेल तर टाइपला वेगळे नाव द्यावेच लागते.

त्यानंतर व्हेरिएबलकडे वळावे. त्याचे नाव अनेकवचनी ठेवून आधी व्याप्ती दाखवावी: एल_चादरी म्हणजे स्थानिक, जी_चादरी म्हणजे पॅकेजभर उपलब्ध. येथे प्रकाराचा प्रत्यय पुन्हा लावू नये असे माझे ठाम मत आहे, कारण उद्या प्रकार बदलला की ते नाव खोटे ठरते.

असोसिएटिव्ह ॲरेच्या बाबतीत मात्र कोणत्या किल्लीने शोध घ्यायचा, हे नावातच आले पाहिजे. एल_दर असे लिहिले, तर दर चादरीच्या डिझाइनवरून मिळतो की ग्राहकाच्या क्रमांकावरून, हे कळण्यासाठी वाचणाऱ्याला व्हेरिएबल जिथे जाहीर केले ती ओळ शोधत मागे जावे लागते. एल_दर_डिझाइननुसार या नावाने तो शोध टळतो आणि किल्ली मजकुराची असल्यामुळे एकपासून काउंटपर्यंतचा (घटकांच्या संख्येपर्यंतचा) लूप चालणार नाही, तेथे पहिली आणि पुढची किल्ली देणारे फर्स्ट आणि नेक्स्ट वापरावे लागतील, हेही सुचते.

नावाची मर्यादा ओरॅकलच्या १२.१ आवृत्तीपर्यंत ३० बाइट होती, १२.२ पासून ती १२८ आहे. अवतरणचिन्हांविना दिलेली नावे ओरॅकल मोठ्या (कॅपिटल) लिपीत साठवतो आणि लहान-मोठ्या अक्षरांचा फरक उरत नाही, म्हणून नावातील शब्द अंडरस्कोरनेच वेगळे करावेत.

जुन्या कोडमधील नावे सुधारताना स्थानिक व्हेरिएबलांपासून सुरुवात करावी. स्कीमातील टाइप एखाद्या टेबलाच्या स्तंभातही वापरलेले असू शकतात. त्यामुळे यूझर_डिपेंडन्सीज या ओरॅकलच्या तयार व्ह्यूमध्ये (टेबलासारख्या यादीत) त्यांच्यावर काय काय अवलंबून आहे ते तपासूनच, सर्वांत शेवटी त्यांना हात लावावा.