आरसीसीबी बसवताना आणि तपासताना होणाऱ्या या चुका टाळा

गणपतीच्या आदल्या रात्री मला जे फोन येतात, त्यांतले बरेचसे एकाच तक्रारीचे असतात. कोकणातले घर अनेक महिने बंद होते, चाकरमानी सकाळी उतरले, कोणीतरी गीझर लावला आणि साऱ्या घराची वीज गेली. पाठोपाठ विनंतीही ठरलेलीच असते: ‘‘तो ईएलसीबी तेवढा काढा आणि सरळ जोडून द्या, घरात पाहुणे आहेत.’’ ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच. मी नकार देतो आणि गीझरचा एमसीबी (जास्त भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यावर पडणारा स्विच) खाली करून बाकीचे घर चालू ठेवायला सांगतो. गीझरच्या कॉइलमध्ये तार आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते. कॉइलच्या टोकाचे सील जुने झालेले असेल, तर पावसाळाभर ही पूड दमट हवा ओढत राहते आणि वीज नळीतून टाकीकडे झिरपू लागते. म्हणजे आरसीसीबी बिघडलेला नसतो, तो बसवला त्याच कामासाठी पडलेला असतो. काही वायरमन आरसीसीबी वगळून गीझर दोन तास तापवतात आणि कॉइल ‘सुकवतात’. त्या दोन तासांत नळाला हात कोण लावणार आहे, हे मात्र ते कोणाला विचारत नाहीत.

दुकानात आजही ‘ईएलसीबी’ मागितला जातो आणि हातात आरसीसीबी पडतो, त्यामुळे नावावरून वाद घालण्यात अर्थ नाही. या उपकरणातल्या एका कड्यातून फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा जातात. जेवढा प्रवाह फेजमधून गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला, तर कडे शांत राहते. काही प्रवाह अर्थिंगमधून, ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या शरीरातून दुसऱ्या वाटेने निसटला, तर दोहोंतला फरक कड्याला कळतो आणि दांडी खाली येते. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी 15 ते 30 मिलिअँपिअरच्या दरम्यान पडावा आणि 30 वर 300 मिलिसेकंदांच्या आत पडलाच पाहिजे, अशी अपेक्षा आयएस 12640 या मानकात आहे. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका कड्याचा हा साधा हिशेब न समजल्यामुळे होतात. डीबी म्हणजे घराच्या वीजवाटपाची पेटी, आणि ती उघडण्याचे काम परवानाधारकाचेच आहे. तरीही घरमालकाने हे वाचावे, कारण चुकीच्या कामाचे पैसे शेवटी तोच देतो.

सर्वांत जास्त दिवस वाया घालवणारी चूक म्हणजे न्यूट्रलची सरमिसळ. चिपळूणजवळच्या एका जुन्या दुमजली घरात आम्ही केवळ प्लगच्या सर्किटांना आरसीसीबी बसवला आणि दिव्यांचे सर्किट मालकांच्या आग्रहाखातर पुढच्या टप्प्यासाठी ठेवले. दुपारभर सगळे ठीक चालले. संध्याकाळी आजींनी जिन्यातला दिवा लावला आणि त्याच क्षणी सगळे प्लग बंद पडले. माझ्याबरोबरच्या शिकाऊ मुलाने लगेच माल खराब असल्याचा निकाल दिला आणि मला न विचारता दुकानातून दुसरा आरसीसीबी आणून बसवला. दिवा लावताच तोही पडला. मग त्याने तिसरा आणायची तयारी केली. त्याच्या पिढीला बदलून बघणे म्हणजेच तपासणे वाटते, आणि दुकानदारालाही त्यात काही गैर वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी माळ्यावरच्या एका लाकडी पेटीत कारण सापडले. फार पूर्वी कोणीतरी जिन्यातल्या दिव्याला फेज दिव्यांच्या सर्किटमधून दिली होती, आणि न्यूट्रलची तार खालपर्यंत ओढण्याचा कंटाळा करून शेजारच्या प्लगच्या न्यूट्रलला पीळ मारला होता. जुन्या वायरिंगमध्ये हे वर्षानुवर्षे खपून गेले. आता मात्र दिव्याचा प्रवाह आरसीसीबीच्या फेजमधून न जाता त्याच्या न्यूट्रलमधून परत येत होता. दिवा अवघ्या 9 वॅटचा एलईडी होता, पण 230 व्होल्टला 9 वॅट म्हणजे सुमारे 39 मिलिअँपिअर होतात, आणि तेवढे 30 च्या आरसीसीबीला पुरेसे आहेत. तीन हात तार वाचवणाऱ्या त्या अज्ञात कारागिराने आमचा दीड दिवस खाल्ला.

तेव्हापासून आरसीसीबी जोडण्यापूर्वी मी प्रत्येक सर्किटचे न्यूट्रल लिंकमधून (सगळी न्यूट्रल जिथे एकत्र जोडतात त्या पट्टीतून) सोडवतो, त्यांतली फेजही मोकळी करतो आणि मल्टीमीटरने दोन गोष्टी पाहतो. या न्यूट्रलचा दुसऱ्या कोणत्याही न्यूट्रलशी संबंध लागता कामा नये आणि अर्थशीही लागता कामा नये. त्यानंतर सगळी उपकरणे प्लगमधून काढून 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) वायरिंग तपासतो. रीडिंग 1 मेगाओहमच्या खाली आले तर आरसीसीबीला हातही लावत नाही, आधी वायरिंग दुरुस्त करतो. डीबीमध्ये आरसीसीबीनंतरच्या सर्किटांसाठी न्यूट्रलची लिंक वेगळी ठेवून तिच्यावर चिठ्ठी लावतो. या सगळ्यात अर्धा दिवस जातो, म्हणून घाईतले लोक तो टाळतात आणि पुढे त्याच घरी चार वेळा खेपा मारतात.

इन्व्हर्टर असलेल्या घरांत हाच आजार वेगळ्या रूपात दिसतो, कारण इन्व्हर्टरची फेज वेगळी ओढलेली असते पण न्यूट्रल बहुधा साऱ्या घराशी सामाईक असते. त्या सर्किटांचे न्यूट्रलही शेवटपर्यंत वेगळे ओढावे लागते. याहून गंभीर गोष्ट अशी की मेन स्विच खाली केला की इन्व्हर्टरला वीज गेली असे वाटते आणि तो चालू होतो. मेन बंद आहे या भरवशावर बोर्डात हात घालणाऱ्याला मग 230 व्होल्ट भेटतात. इन्व्हर्टर स्वतंत्रपणे बंद करावा, आणि टेस्टर आधी चालू प्लगवर, मग कामाच्या जागी, मग पुन्हा चालू प्लगवर लावून पाहावा. टेस्टरचा दिवा लागला नाही याचा अर्थ टेस्टर बिघडला आहे असाही असू शकतो.

माझा दुसरा राग टेस्ट बटणावर विसंबणाऱ्यांवर आहे. ‘टी’ लिहिलेले बटण दाबले, दांडी पडली आणि काम झाले, असे म्हणून बिल हातात ठेवणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. ते बटण आतल्या एका रोधातून थोडा प्रवाह कड्याला वळसा घालून नेते आणि खोटा फरक निर्माण करते. त्यात अर्थिंगचा काडीचाही संबंध येत नाही. म्हणजे घराला अर्थिंग मुळीच नसले तरी बटण दाबल्यावर आरसीसीबी इमानाने पडतो. जांभ्या दगडाच्या आमच्या भागात उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक होतो, आणि नव्या फरशीच्या वेळी गवंड्याच्या हातून हिरवी तार तुटणे ही तर नेहमीची गोष्ट आहे. अशाच एका घरी धुण्याच्या यंत्राला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. बटण व्यवस्थित चालत होते, म्हणून आधीच्या वायरमनने यंत्राला दोष दिला होता. प्रत्यक्षात हिरवी तार स्नानगृहाच्या भिंतीत तुटलेली होती, आणि यंत्रातल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळे त्याची बॉडी अधांतरी 115 व्होल्टच्या आसपास तरंगत होती. अर्थिंग असते तेव्हा गळती होताच आरसीसीबी आपोआप पडतो. ते नसते तेव्हा कोणीतरी हात लावून स्वतः अर्थिंग व्हावे लागते, आणि वीज तुटेपर्यंतचा झटका त्या माणसाला बसतोच.

म्हणून तपासणी प्रत्येक प्लगवर व्हायला हवी, आणि ती फेज ते अर्थ मोजूनच व्हायला हवी. प्लगमध्ये खोचायचा आरसीसीबी टेस्टर मिळतो. तो 30 मिलिअँपिअर सोडून किती मिलिसेकंदांत वीज तुटली ते दाखवतो, आणि मी तोच वापरतो. फेज आणि अर्थ यांमध्ये बल्ब लावून बघण्याची जुनी रीत मला पसंत नाही. अर्थिंग तुटलेले असेल तर त्या बल्बमधून घरातल्या प्रत्येक फ्रिजच्या आणि यंत्राच्या बॉडीवर फेज पोहोचते, आणि स्वयंपाकघरातल्या माणसाला त्याची कल्पनाही नसते. अर्थिंग मिळत नाही म्हणून प्लगच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ यांना तुकडा जोडून देणाऱ्यांबद्दल मात्र सौम्य शब्द मला सापडत नाहीत. पुढे न्यूट्रल तुटले की उपकरणाची बॉडीच फेज होते.

उरलेल्या चुका थोडक्यात सांगतो. 30 मिलिअँपिअरचा सारखा पडतो म्हणून त्याच्या जागी 300 चा लावू नये, कारण तो आगीपासून संरक्षणासाठी असतो, माणसासाठी नव्हे. आरसीसीबी शॉर्टसर्किट किंवा जास्त भार ओळखत नाही, त्यामुळे त्याच्यासोबत एमसीबी हवाच, नाहीतर दोन्ही कामे करणारा आरसीबीओ घ्यावा. ‘एन’ लिहिलेल्या टर्मिनलला न्यूट्रलच जोडावे. इन्व्हर्टर एसी आणि धुण्याची यंत्रे असलेल्या घरात फक्त साध्या एसी प्रवाहाची गळती ओळखणाऱ्या ‘एसी’ प्रकाराऐवजी इलेक्ट्रॉनिक यंत्रांतली तुटक गळतीही ओळखणारा ‘ए’ प्रकारचा आरसीसीबी घ्यावा, आणि सगळे घर एकाच आरसीसीबीवर टांगू नये, कारण प्रत्येक संगणक व यंत्र थोडीथोडी गळती करतच असते. प्लगकडे समोरून पाहिल्यावर अर्थ वर आणि फेज उजवीकडे असते. रोषणाईच्या माळेची उघडी टोके आगकाडीने प्लगमध्ये खुपसणाऱ्याला कोणताही आरसीसीबी पुरेसा नाही, कारण एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल पकडले तर कड्याच्या हिशेबात माणूस आणि बल्ब सारखेच असतात. आणि अमेरिकेतल्या नातेवाइकांनी प्रेमाने आणलेले जीएफसीआय सॉकेट (तिकडचे गळतीवर पडणारे सॉकेट) येथे बसवू नये. ते सुमारे 5 मिलिअँपिअरवर पडते हे खरे, पण ते 120 व्होल्टसाठी बनवलेले असते आणि आपल्या पिनाही त्यात बसत नाहीत.

टेस्ट बटणाचा उपयोग आतली यंत्रणा अडकलेली नाही ना, एवढे पाहण्यापुरता आहे, पण तो नियमित करावा लागतो. आमच्या घरी संकष्टीला बटण दाबण्याची पद्धत आहे, कारण महिन्यातली ती तिथी घरात कोणी विसरत नाही. दाबल्यावर दांडी खाली आली नाही, तर आधी वीज आहे ना ते पाहावे, आणि वीज असूनही ती पडत नसेल तर त्यावर कोणताही स्प्रे मारत न बसता आरसीसीबी त्याच दिवशी बदलून घ्यावा.