गेम मास्टर होताय? निदान या चुका तरी टाळा

डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे टेबलाभोवती बसून गोष्ट रचत जाण्याचा खेळ: प्रत्येक खेळाडू एक पात्र होतो आणि त्याला काय जमले ते फासा ठरवतो. सोलापुरात तो खेळणारी मंडळी आधीच थोडी. त्यात एखाद्याचा पहिलाच रविवार वाया गेला, तर तो माणूस पुन्हा फासा हातात घेत नाही. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे असे पोळलेले बरेच जण येऊन बसले आणि त्यांची कहाणी ऐकताना पुढचे वाक्य मला आधीच ठाऊक असे, कारण गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा आणि खेळाडूंची सोडून बाकी सगळी पात्रे सांभाळणारा माणूस, बदलला तरी चुका त्याच राहतात. हे लेखन त्या खुर्चीत नव्याने बसू पाहणाऱ्यांसाठी आहे. नियमांची तोंडओळख येथे करून दिलेली नाही. पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळतो, आणि तो न वाचता दोन-चार व्हिडिओ पाहून, आवाज काढून संवाद म्हणण्याची तेवढी तयारी करून येणाऱ्यांबद्दल मला फारशी सहानुभूती नाही.

सर्वांत जुनी आणि सर्वांत चिवट चूक म्हणजे गोष्ट आधीच लिहून आणणे. मी प्रथम खेळलो तो मे महिन्यातला रविवार होता. विजापूर रोडवरच्या एका गच्चीवरच्या खोलीत आम्ही पाच जण बसलो होतो, कूलर नुसताच घरघरत होता, आणि आमच्या गेम मास्टरने शंभर पानी वही जवळजवळ भरून आणली होती. त्याने रचलेला किल्ला हुबेहूब आपला सोलापूरचा भुईकोट होता: तीच दुहेरी तटबंदी, तोच लागून असलेला तलाव. कल्पना उत्तम होती, पण त्या किल्ल्यात आम्ही सगळे शाळेच्या सहलीपासून हिंडलेलो असल्यामुळे मुख्य दरवाजाने जाण्याचा विचार एकाच्याही मनात आला नाही, आणि वहीत तर आम्ही दरवाजाशीच पकडले जाणार होतो.

“दादा, आम्ही तलावाकडून जातो,” आमच्यातला चोराचे पात्र घेतलेला म्हणाला.

“तलावात मगरी आहेत.”

“मग होडी घेतो.”

“होड्या सगळ्या पलीकडच्या काठाला आहेत.”

“आमच्याकडे आठ चादरी आहेत, सामानात लिहून ठेवल्या आहेत. त्यांना गाठी मारून मागच्या तटावरून उतरतो.” हे ज्याने सांगितले त्याच्या घरी माग आहेत, चादर किती वजन पेलते हे त्याने इतके पटवून सांगितले की आम्ही सगळे हसू लागलो. गेम मास्टरने वहीची दोन पाने मागे-पुढे केली आणि जाहीर केले की वादळ आले आहे, तट निसरडा झाला आहे आणि चादरी वाऱ्याने उडून गेल्या आहेत. फासा टाकण्याची संधीसुद्धा मिळाली नाही. शेवटी आम्ही मुकाट्याने दरवाजाशी गेलो आणि पकडले गेलो. मग गेम मास्टरच्याच हातातल्या एका म्हाताऱ्या सेनापतीने आम्हाला सोडवले आणि खलनायकालाही त्यानेच मारले. त्या लढाईत दोन्ही बाजूंचे फासे एकच माणूस टाकत होता आणि आम्ही शेंगा सोलत बसलो होतो. चार तासांत माझ्या वाट्याला फासा तीनदा आला.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ 1974 साली प्रसिद्ध झाला, तेव्हाच्या पुस्तिकांत गेम मास्टरला ‘रेफरी’ म्हटले होते, म्हणजे पंच. मला तो शब्द आजही अधिक पटतो. कुस्तीच्या फडात पंच स्वतः लंगोट लावून उतरत नाही आणि कोणता डाव पडणार हे घरून ठरवूनही येत नाही. माझी सवय अशी आहे की वहीत ‘काय घडेल’ हे लिहायचेच नाही. कोणाला काय हवे आहे, ते मिळवण्यासाठी तो काय करतो आहे आणि कोणी आडवे आले नाही तर आठ दिवसांत तो कोठवर पोचेल, एवढेच लिहायचे. किल्लेदाराला खजिना हलवायचा आहे, पहारेकऱ्यांचा दोन महिन्यांचा पगार थकला आहे, आतल्या कैद्याला कोणाचे तरी गुपित माहीत आहे. इतके हाताशी असले की खेळाडू तलावातून या, चादरीवरून या, नाहीतर पहारेकऱ्याला पैसे चारून या, आपले काहीच अडत नाही. याला दोन पाने पुरतात. ज्यांना दोन पानांत भागत नाही त्यांनी कादंबरी लिहावी. तिथे पात्रे उलट उत्तर देत नाहीत.

दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिच्याबद्दल अधिक चिडून लिहितो. एका गूढकथेत व्यापाऱ्याची खरी हिशेबवही मी हातमागाच्या खड्ड्यात, पायटांखाली लपवली होती आणि ती सापडल्याशिवाय पुढचे काहीच उलगडणार नव्हते. शोधण्यासाठी वीसपैलू फाशावरचा आकडा अधिक पात्राच्या कौशल्याचे तीन मिळून 15 भरायला हवे होते, म्हणजे फाशावर 12 किंवा त्याहून अधिक; एका खेळाडूला ही शक्यता 45 टक्के. चौघांनी शोधले तर कोणालातरी सापडेलच, असे मी धरून चाललो. चौघेही चुकण्याची शक्यता जेमतेम 9 टक्के असते आणि त्या संध्याकाळी नेमके तेच घडले: 4, 9, 11, 2. पुढची चाळीस मिनिटे ती मंडळी त्याच मागाच्या अवतीभवती फिरत राहिली, चहावर साय धरली, आणि अखेर मी ओशाळून म्हणालो, “बरं, तुम्हाला एक वही दिसते.” तेव्हापासून ज्यावाचून गोष्ट अडेल ती वस्तू मी फाशावर ठेवतच नाही. वही सापडतेच, ती सापडेपर्यंत बाहेर कोणाची पावले वाजली का, हे फासा ठरवतो. आणि तोच सुगावा मी व्यापाऱ्याच्या भावाकडे आणि रंगाऱ्याच्या उधारीच्या चिठ्ठीतही पेरून ठेवतो.

याच हिशेबाची उलटी बाजू अनेकांना दिसत नाही. चौघांनी लपतछपत जायचे असेल आणि प्रत्येकाला वेगळा फासा टाकायला लावून एक जरी चुकला तरी सगळे सापडले असे धरले, तर त्याच 45 टक्क्यांनी चौघेही निसटण्याची शक्यता अवघी 4 टक्के उरते. मग गेम मास्टर म्हणतो की माझे खेळाडू नेहमी मारामारीच करतात. अहो, तुम्ही त्यांना दुसरे काही करूच देत नाही. पाचव्या आवृत्तीत यासाठी गटाचा फासा आहे: निम्मे यशस्वी झाले की सगळा गट यशस्वी. चौघांपैकी दोघे पुरेसे धरल्यावर तीच शक्यता सुमारे 61 टक्क्यांवर जाते. नियम जेमतेम चार ओळींचा आहे, पण त्यासाठी पुस्तक उघडावे लागते.

फाशावर 20 पडले म्हणजे वाटेल ते घडते, हाही असाच ऐकीव समज आहे. हुकमी यश हल्ल्याच्या फाशाला आहे, कौशल्याच्या नाही. 20 पडले म्हणून राजा गादी लिहून देत नाही.

नियमावरून वाद निघाला तर एका मिनिटात निर्णय द्यावा आणि खेळ संपल्यावर पुस्तक पाहावे. चूक निघाली तर पुढच्या रविवारी ती सर्वांसमोर मान्य करावी. त्याने खुर्ची जात नाही.

रक्तपात, लैंगिक अत्याचार, लहान मुलांना होणारी इजा यांपैकी काय चालेल आणि काय नाही, हे पहिल्या खेळाआधी सर्वांना एकत्र बसवून विचारावे. याला सेशन झिरो म्हणतात. अर्धा तास लागतो आणि उतावळे लोक नेमका तोच वाचवतात. आमच्याकडे आलेल्या एका मुलीने आधीचा गट याच कारणासाठी सोडला होता, आणि त्या गटाला ती का गेली हे आजही कळलेले नाही.

दुकानदाराचे नाव काय, असे कोणीतरी विचारणारच, तेव्हा दहा नावे आधीच लिहून ठेवावीत. मी मराठी, तेलुगू आणि कन्नड अशी मिसळ ठेवतो. सोलापूरच्या खेळाडूला बाजार त्याशिवाय खरा वाटत नाही.

शेवटचे, गैरहजर माणसाच्या पात्राला शिक्षा म्हणून मारू नये. आपल्या गावात पाणी रोज येत नाही, आणि फोन आला की हातातला फासा ठेवून घरी पळावे लागते. आमच्या टेबलावर अशा वेळी ते पात्र घोडे सांभाळायला मागे थांबते आणि त्याच्या वाट्याची लूट बाजूला काढून ठेवली जाते. हंडे भरून माणूस परत आला, तर ते पात्रही घोडे बांधून गटात येऊन मिळते, आणि मधल्या काळात काय घडले ते शेजारी बसलेल्याने त्याला दोन वाक्यांत सांगायचे असते.